माळावरचा सातवा दगड

वाहरूच्या हातात पेन होतं आणि समोर टाइप केलेला कागद. सही केली की सुटला, असं निदान हेमकांत साहेब म्हणत होते.

"सोमवारी माझ्या हातून दगड फुटला. घाबरून मी तुकडे तापीत टाकले," एवढंच त्यात लिहिलं होतं. साफ खोटं होतं. पण तीन दिवसांत वाहरू इतका मेटाकुटीला आला होता की खरं काय नि खोटं काय, त्याला दोन्हींचा वीट आला होता.

धानोऱ्याच्या पुढं माळावर सात उभे दगड आहेत. किती जुने, देव जाणे. घोडेस्वार कोरलेला सातवा दगड मांडीएवढ्या उंचीचा, वाहरूच्या घराण्याच्या मूळपुरुषाचा. तिथलं माहिती केंद्र सोमवारी बंद असतं. त्याच दिवशी भर दुपारी तो नाहीसा झाला. माळाला नि केंद्राला मिळून तारेचं कुंपण, फाटक एक, किल्ली एक, आणि ती राखणदार वाहरूच्या करगोट्याला. मग बोट आणखी कुणाकडे जाणार?

गावानं बोलणं टाकलं. ते त्यानं सोसलं असतं हो. पण आई, धनुबाई, दारात उभी राहून म्हणाली, "तू आपला पूर्वज विकलास," आणि तिनं दार लावून घेतलं. तेव्हापासून तो केंद्राच्या ओसरीवर पडून होता आणि विहिरीच्या बाजूला जाणं टाळत होता.

"पेन खाली ठेव."

दारात नईमा उभी होती, नंदुरबारची खासगी तपासनीस. मागं धापा टाकत भटूअण्णा, निवृत्त हवालदार, तिच्या प्रत्येक कामातले सोबती. त्यांना घेऊन आला होता मुजफ्फर मिस्त्री. जड दगड उचलायची चेन-पुली त्याच्याकडं, म्हणून पोलीस त्याच्याही मागं लागले होते.

"जे विचारायचं ते लवकर विचारा," केंद्राचे व्यवस्थापक हेमकांत म्हणाले. "चारला टेम्पो येतोय, दालनातली सातव्या दगडाची फायबरची प्रतिकृती सुरतेच्या प्रदर्शनाला जायची आहे. पाचला पोलीस. याची सही झाली तर गरिबाचंच भलं होईल."

"सोमवारी तुम्ही इथं होता?"

"फाइली होत्या. दिवसभर खुर्चीत."

नईमा वाहरूकडं वळली. "तू?"

"बाराले घर गऊ, ताई. भाकर खाई, तासभरमा वापस. फाटकले कुलूप मीच लावं, मीच उघडं. गाडी येल नही, कोणी येल नही." त्यानं कागदाकडं बोट केलं. "मी काहीच करं नही. पण आते करं म्हणा, चालस."

भटूअण्णा कुंपण फिरून आले. "एक तारबी तुटेल नही. मांगे कचराना खड्डामा काहीतरी प्लास्टिक जाळेल शे, नाकले झोंबस. बाकी काही नही. किल्ली याच्याकडे, ताई. मग दुसरं कोण?" वाहरूनं मान खाली घातली. अण्णा मनानं वाईट नाहीत, पण तोंडाला लगाम नाही.

मुजफ्फरनं आपलं सांगितलं. "सोमवारी मी शहाद्याले स्लॅबवर व्हतू, दहा माणसं साक्षीले. हाई प्रतिकृती मीच करेल शे. पाच वरीस पहिले, केंद्र उघडनं तवय. घोडाना चारी खूर साच्यामा नीट उतरायले दोन दिन गयात माले."

धनुबाई बाहेर, रिकाम्या खड्ड्याशी बसली होती. नईमा तिच्यापाशी उकिडवी बसली. म्हातारी मुलाकडं न बघता बोलली. दर होळीआधी ती त्या दगडाला तेल-शेंदूर लावते. यंदाही लावला. लावून लावून लेप बोटभर जाड झालाय.

मग सगळे दालनात गेले. दोरीपलीकडं चौथऱ्यावर प्रतिकृती होती, तशीच शेंदरी. नईमा वाकली तसे हेमकांत पुढं झाले. "हात नको. फायबर फार नाजूक असतं."

भटूअण्णा बघत राहिले. "हाऊ घोडा गाराचिखलमा उभा शे का काय? पायच दिसतस नही. मिस्तरी, दोन दिन काय करं मग?"

मुजफ्फर चपापला. नईमानं आईला आत बोलावलं आणि दालनाचं दार लावलं.

"किल्ली वाहरूकडेच होती, हे खरंच आहे," ती म्हणाली. "कुलूप शाबूत, कुंपण शाबूत, गाडी आली नाही. म्हणजे दगड माळाबाहेर गेलाच नाही. मग तो फुटून तापीत पडला, असं साहेबांना का लिहून हवं होतं? नदीत गेला म्हटलं की शोध संपतो."

"हा आरोप आहे," हेमकांत म्हणाले.

"प्रतिकृती पाच वर्षांपूर्वीची. तिच्यात चारी खूर होते. तिचा शेंदरी तो नुसता रंग; तिला कुणी शेंदूर लावत नाही, ती होती तशीच राहणार. बाहेरच्या दगडाला मात्र ही माउली दर वर्षी लेप देते. पाच वर्षांत घोड्याचे पाय त्याखाली बुजले. आता तुम्हीच बघा, समोर आहे ते कुणाचं आहे. दगड तो दगड, त्यात काय बदलणार, असं तुम्हाला वाटलं साहेब. त्याची पूजा चालू आहे, हे तुमच्या हिशेबात बसलंच नाही."

तिनं भटूअण्णांना खूण केली. अण्णांनी 'नाजूक फायबर' दोन्ही हातांनी कवटाळून ओढलं. ते तसूभरही हललं नाही. अण्णा तिथंच चौथऱ्यावर बसले.

"वाहरू भाकरीला गेला, तेव्हा तुम्ही दगड पहारीनं उकलला, पाण्याचे जार आणायच्या हातगाडीवरून आत आणला आणि फळी लावून चौथऱ्यावर चढवला. खरी प्रतिकृती तोडून खड्ड्यात जाळली, वास अण्णांना आला होताच. आणि आज चारला, सगळ्यांदेखत, कागदपत्रांसह, हा दगड गिऱ्हाइकाकडं जाणार होता."

हेमकांत दाराकडं वळले. मुजफ्फर दाराशी जाऊन उभा राहिला.

पाचला पोलीस आले ते हेमकांतना घेऊन गेले. चारला आलेला टेम्पो तोवर अडवून ठेवला होता.

माळावर ऊन कललं होतं. वाहरूला हायसं वाटायला हवं होतं. पण छातीवरचं ओझं तसंच होतं. धनुबाई काठी टेकत त्याच्याजवळ आली, घरी चल म्हणाली.

त्यानं विचारलं, "आई, तुला खरंच वाटलं होतं का गं, मी विकला म्हणून?"

म्हातारीला खोटं बोलता आलं असतं.

"वाटलं होतं," ती म्हणाली.

वाहरूनं मान हलवली. पुढं उतार होता आणि तिला नीट दिसत नव्हतं. त्यानं तिचा हात धरला आणि तो तिला खाली न्यायला लागला.