हा फोन धंद्याचा

"दोरी पकडा!"

धक्क्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणजे ते मलाच होतं. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाला कागद द्यायला मी आलो होतो आणि नेहमीसारखा कडेपासून लांब, भिंतीला धरून चाललो होतो. खालच्या लहान होडीतून पिवळ्या डगल्यातल्या एका बाईनं दोरी फेकली. मी मागे सरकलो. दोरी पाण्यात पडली.

"अहो, दोरी आहे ती. साप नाही!"

"माफ करा... मी इथला नाही."

"परदेशी का?"

"नाही, गावातलाच. धक्क्यावरचा नाही, एवढंच."

ती हसली. दोरी ओढून घेऊन तिनं परत फेकली. या वेळी ती बरोबर खांबावर जाऊन बसली. माझी गरज नव्हतीच.

"वेल्समध्ये जन्मून पाण्याला भिता?"

"मी सगळ्यालाच भितो. म्हणून तर लोकांचे हिशेब लिहितो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचे केस ओले, नाकावर माशाचा खवला चिकटलेला. "मग उद्या येते तुमच्याकडे. मी एकाच गोष्टीला भिते. करखात्याला."

तिचं नाव एलेरी. बेटाच्या पलीकडे खेकड्यांचे पिंजरे टाकायची, एकटी. होडी वडिलांची होती. त्यांचे, म्हणजे इदवालकाकांचे, गुडघे गेले, मग कानही गेले, तशी होडी तिच्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. कागदांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. खोलीत बांगड्याचा वास भरला. ती पिंजऱ्यात आमिष म्हणून खारा बांगडा घालायची आणि ही पिशवी त्याचीच होती.

मी फोनची बिलं काढली. "हे सगळं बिल तुम्ही धंद्याच्या खर्चात दाखवलंय?"

"हो. फोन धंद्यासाठीच घेतलाय."

"लिव्हरपूलला हे एवढे लांबलचक फोन?"

"बहीण आहे माझी."

"बहीण खेकडे घेते?"

"बहीण डोकं खाते." मग तिनं आवाज खाली आणला. "पकडतील का हो मला?"

ती घाबरली होती. तिच्यासारखी बाई घाबरली की कशी दिसते ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला ते आवडलं नाही. मी घाईघाईनं सांगितलं, "करखात्याला अजून काही पाठवलेलं नाही ना? मग कोणी पकडत नाही. धंद्यासाठी जेवढा वापर, तेवढाच खर्च दाखवायचा. बिलावर एकेका फोनपुढे खूण करू. धंद्याचा की खाजगी."

आम्ही बसलो. हॉटेलचा भटारखाना, धंद्याचा. बर्फवाला, धंद्याचा. बहीण, खाजगी. परत बहीण... बहीण... एलेरी लाजली. मग मला दिसलं की रोज दुपारी एक फोन घरी जातो. अगदी छोटा.

"हा?"

"टोक ओलांडलं की बाबांना करते. 'आले' म्हणते आणि ठेवते. आमच्याकडे सगळेच करतात. बेटाकडून येताना डोंगराचं टोक ओलांडलं, बंदर दिसलं, की घरी फोन."

"वडिलांना केलेला फोन खाजगी."

"असं कसं? मी बुडाले तर धंदा कोण करणार?"

"मला पटतंय. करखात्याला नाही पटणार."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तसंही बाबांना आता फोनवर काही ऐकू येत नाही. हॅलो, हॅलो ओरडतात आणि ठेवून देतात." मग माझ्याकडे वळली. डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आणि हिशेबनिसाला केलेला फोन?"

"तो... तो धंद्याचा."

"बरं," ती म्हणाली. पिशवी तिथंच टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागे इंजिनाची धडधड. "आले. हा फोन धंद्याचा."

फोन बंद. मी हातात रिसीव्हर धरून कितीतरी वेळ बसलो होतो.

मग रोजच झालं. "आले. आज शेवंड मिळाली. लिहून घ्या, साहेब, नाहीतर हा खाजगी ठरायचा." किंवा, "आले. आज काही नाही मिळालं. तुम्ही काय खाल्लंत?" मी विचारायचो, माझ्या जेवणाचा धंद्याशी काय संबंध? ती म्हणायची, "हिशेबनीस उपाशी राहिला तर आकडे चुकतात."

मी हसायचो. पण सकाळी उठून आधी खिडकीतून समुद्र बघायला लागलो होतो. लहानपणापासून ज्याच्याकडे पाठ करून बसलो, तो आता रोज तपासायचो. वारा कुठला? लाटांवर फेस आहे का? दुपारचा फोन येईपर्यंत मला घास उतरायचा नाही. फोन आला की भूक लागायची. आधी भीती, मग भूक. प्रेम असं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा फोनला उशीर झाला, तर मी धक्क्यावर गेलो. इदवालकाका उलट्या टाकलेल्या पेटीवर बसले होते. मी खिशातून फोन काढला तसा त्यांनी माझा हात धरला.

"किनाऱ्यावरून होडीला फोन करायचा नाही," ते मोठ्यानं म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं. "कधीच नाही. ती एकटी दोरी ओढत असते. फोन वाजला की हात खिशाकडे जातो, लक्ष फोनकडे. दोरी पायात अडकते आणि पिंजरा माणसाला घेऊन खाली जातो. फोन तिकडूनच यायचा. आपण बसायचं."

"आणि नाही आला तर?"

त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

त्या दिवशी ती आली. पण ऑक्टोबरमध्ये एका दुपारी धुकं उतरलं. बेट दिसेना, मग टोक दिसेना, मग धक्क्याचा शेवटसुद्धा दिसेना. फोनची वेळ झाली. टळली. मी टेबलावरचे तेच आकडे परत परत बेरजेला घेत होतो आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. शेवटी उठलो.

काका पेटीवर होतेच. बचाव होडीला त्यांनी कळवलं होतं, ती बेटाकडे निघालीही होती. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. समोर नुसतं पांढरं. पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

मी फोन काढला. काका बघत होते. या वेळी त्यांनी हात धरला नाही.

मी लावला.

रिंग गेली. परत गेली. मग कोणीतरी घेतल्यासारखा खट्ट आवाज आला, पाण्याचा आवाज... आणि तुटला.

परत लावला. लागला नाही.

तिचा हात खिशात गेला असणार. दोरी पायात... मीच. आयुष्यभर मी काही केलं नाही, कारण काही केलं की काहीतरी होतं. आणि आज केलं, तर हे.

"लावलास?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

ते रागावले नाहीत. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझी बाही धरून मला कडेला ओढलं, जिथं मी कधी उभा राहिलो नव्हतो. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तुझे कान आहेत. ऐक."

मी ऐकलं. लाटा. साखळीचा आवाज. एक पक्षी. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय ऐकतोय ते तिथं दिसेल म्हणून. मी मान हलवायचो, नाही... नाही...

मग लांबून, अगदी बारीक, खोकल्यासारखी धडधड.

"आहे," मी म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी वाचलं. ते पेटीवर मटकन बसले आणि तोंड हातांत लपवलं.

धुक्यातून आधी पिवळा डगला दिसला. मग होडी. तिनं दोरी फेकली. मी पकडली. कडेला गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. हाताची कातडी सोलली तरी सोडली नाही.

ती वर आली. भिजलेली, थरथरत, आणि चिडलेली.

"इंजिनाच्या पंख्यात दोरी अडकली होती. मी वाकून कापत होते. आणि तू फोन करतोस? तू?"

"तुझा... तुमचा फोन आला नाही."

"टोक ओलांडलं नव्हतं! न येता 'आले' कसं म्हणणार?" तिचा श्वास लागला होता. "ओल्या हातानं काढला. नाव बघितलं तुझं. आणि सटकन पाण्यात गेला. फोन गेला, मी राहिले. परत करशील तर तुलाच टाकीन पाण्यात."

"नाही करणार."

तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, "नवा फोन खर्चात दाखवता येईल?"

"काम करताना गेला ना? येईल... धंद्याचा जेवढा वापर, तेवढा."

"काम थांबवलं होतं. तुझं नाव बघत होते."

मी हातातली दोरी खांबाला गुंडाळायला लागलो.

"का केलास रे फोन?" आता तिचा आवाज खाली आला. "खरं सांग. तो धंद्याचा होता?"

"नाही," मी म्हणालो. "तो खाजगी होता. तुझेही सगळे... मी बिलावर कधीच धंद्याचे म्हणून खूण केली नाही, एलेरी. सगळे खाजगीत टाकलेत."

"सगळे?"

"पहिल्यापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझा कर वाढवलास," ती म्हणाली, आणि माझ्या डगल्याची कॉलर दोन्ही हातांत घट्ट धरली. मागून काका ओरडले, "काय म्हणतोय तो? मला कोणीतरी सांगा रे!"

वसंतात आमचं लग्न झालं. तिनं होडी सोडली नाही आणि मी घाबरणं सोडलं नाही. रोज दुपारी "आले" यायचं आणि मला भूक लागायची.

समुद्रानं तिला नेलं नाही. ती पुष्कळ वर्षांनी, दवाखान्यातल्या खाटेवर गेली, स्वच्छ उन्हाच्या दिवशी. वारा नव्हता. माझा हात तिच्या हातात होता. इतकी वर्षं मी खिडकीतून भलतीकडेच बघत घाबरत होतो.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. दुपारी कधी कधी बोट त्यावर जातं. मी लावत नाही. किनाऱ्यावरून होडीला फोन करायचा नसतो. टोक ओलांडलं की तो तिकडूनच येतो. आपण बसायचं.