खटपट्या किती वर्षांनी परत येणार?

शाल्मलीचं गणित सोपं होतं. खटपट्या ज्या ताऱ्याकडे निघाला होता, तो चार प्रकाशवर्षांवर. म्हणजे जायला चार वर्षं, यायला चार. आज ती अकराची. तो परत येईल तेव्हा एकोणीसची. तेवढी कळ काढायची तिची तयारी होती. तिला लहानाची मोठी करणारा हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) तीन दिवसांनी यानात बसणार होता.

तिने कागद आबांना दाखवला. आबा म्हणजे तिचे आजोबा, वेल्ह्याच्या डोंगरावरच्या वेधशाळेतले शास्त्रज्ञ. लाडक्या नातीचं गणित चुकलं तरी वा वा म्हणायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"आपल्या घरापासून वेधशाळा किती लांब?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्या तासाची वाट."

"मी अंतर विचारलं, तू वेळ सांगितलास."

"इथे सगळे असंच सांगतात, आबा. चालायला लागतो तेवढा वेळ."

"कुणाला चालायला? मला पाऊण तास लागतो. म्हणून वाट लांबली का?"

शाल्मलीने नकारार्थी मान हलवली.

आबा सांगू लागले. जर्मनीतही लोक असंच अंतर सांगत. तासभर चालून कापलेल्या अंतराला ते 'वेकश्टुंडे' म्हणत. 'वेक' म्हणजे वाट, 'श्टुंडे' म्हणजे तास. पुढे तारे इतके लांब निघाले, की मैलांचे आकडे वाचतानाच माणसाची दमछाक व्हावी. १८५१ साली एका जर्मन लेखात 'लिश्टयार' हा जोडशब्द आला. 'लिश्ट' म्हणजे प्रकाश, 'यार' म्हणजे वर्ष. नाव विचित्र वाटेल हे लेखकाला ठाऊक होतं, म्हणून त्याने वाचकांना 'वेकश्टुंडे'ची आठवण करून दिली. तेच आपलं प्रकाशवर्ष (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो, तेवढं अंतर).

"म्हणजे चार वर्षं प्रकाशाला लागतात," शाल्मली हळूच म्हणाली. "आणि खटपट्याच्या यानाला?"

"त्याचा वेग प्रकाशाच्या एक दशांश."

तिने मनातच आकडा मांडला. चाळीस वर्षं जायला, चाळीस यायला. तिचा चेहरा पडला. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

"पोचलो की मी निरोप पाठवीन," शेजारीच उभा असलेला खटपट्या म्हणाला. "रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात. चार वर्षांत तुला मिळेल."

"तेव्हा मी पंचावन्न वर्षांची असेन. मी उत्तर दिलं, तर माझा आवाज तरी ओळखशील का?"

"एकदम ऐकला तर नाही. दर वाढदिवसाला एक निरोप पाठव. हळूहळू बदलत गेला, तर ओळखेन."

वाढदिवस बराच लांब होता, तरी पहिला निरोप तिने त्याच दुपारी ध्वनिमुद्रित केला. "अकराव्या वर्षी मी अशी बोलते," त्यात ती म्हणाली. "नीट ऐकून ठेव."