वल्ह्याला लावलेला कान

उद्या ध्वनीच्या धड्यावर चाचणी आहे ना, तेजस्वी? ओंकार, तूही मिट ते पुस्तक. लाईट येईपर्यंत असंही काही दिसायचं नाही. तीस वर्षं मी हा धडा शिकवला, पण मला तो नीट कळला निवृत्त झाल्यावर. शर्मिलामुळे. माझीच विद्यार्थिनी. तिने मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचा मीठमसाला घालत नाही.

बुधवार, १४ डिसेंबर २०२२. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. शर्मिला सासूची, म्हणजे काशीबाईची, रक्तदाबाची औषधं घेऊन मालवणहून आली आणि खाडीच्या धक्क्यावर पोचली. पलीकडे घर. शेवटची फेरी गेलेली. धक्क्याला एकच होडी उभी, गंगारामाची.

गंगाराम म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सुदेशचा, भागीदार. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका रात्री, दोघे खाडीच्या मुखाशी मासेमारीला गेले आणि गंगाराम एकटाच परत आला. ओहोटी जोरात होती. सुदेश काही सापडला नाही. शर्मिला रोज सकाळी कुंकू लावायला बसे आणि बोट कपाळाशी नेऊन थांबे. लावावं की लावू नये, हे तिला कुणी सांगत नव्हतं. पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती, मला फार वाईट वाटायचं.

गंगारामाचं म्हणणं एकच. “इंजिन चालू होता. त्येची हाक माका आयकाक इली नाय.” गावाने मान डोलावली. मी नाही डोलावली. का? सांगतो.

गंगारामाच्या घराण्याची एक विद्या. ढोमा मासा पाण्याखाली आवाज करतो, ठाऊक आहे? थवा असला की टरटर, आणि त्याच जातीची मोठी, महागडी घोळ मासळी असली की ठक, ठक. वर हवेत त्यातलं काही येत नाही, कारण पाण्यातला आवाज पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो. मग हे लोक काय करतात? वल्ह्याचं पातं पाण्यात सोडतात, दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवतात, दुसऱ्या कानात बोट घालतात आणि डोळे मिटतात. पाण्यातून लाकडात, लाकडातून हाडात. हवेचं कामच नाही. माध्यम म्हणतात ते हे.

पण त्यासाठी इंजिन बंद लागतं. जागेवर पोचल्यावर गंगाराम इंजिन बंद करायचाच, हे मला पक्कं माहीत होतं. मग त्या रात्री ते चालू कसं? कुठेतरी पाणी मुरत होतं. शिवाय त्यानंतर या माणसाने वल्ह्याला कान लावणंच सोडलं. शर्मिला समोरून आली की रस्ता बदलायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्या रात्री मात्र त्याला रस्ता बदलता आला नाही.

“दादा, माका पलीकडे सोडशात काय? सासूची औषधा आसत.”

“बस,” गंगाराम म्हणाला. तिच्याकडे न बघता.

चंद्र उगवायला अजून दोन तास होते. वारा पडलेला. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि शर्मिला म्हणाली, “इंजिन बंद करा.”

“कित्याक?”

“माका वल्ह्याक कान लावन बघूचा आसा.”

“आता नको गो. उशीर जातलो.”

“दोन वर्सां उशीरच झालो आसा, दादा. बंद करा.”

त्याने बंद केलं. मला विचाराल तर, नाही म्हणायची त्याची छातीच झाली नाही. शर्मिलाने वल्हं पाण्यात सोडलं. दांडा कानामागे टेकवला. दुसऱ्या कानात बोट घातलं.

आधी नुसतीच घरघर. मग…

ठक. ठक. ठक.

थांबलं. पुन्हा तीन.

“दादा, खालसून कोणतरी ठोकता हा.”

“मासो आसतलो.”

“मासो मोजून ठोकता?”

तिने कानातलं बोट काढलं, वल्ह्यापासून डोकं उचललं. वर काहीच नाही. सगळी खाडी चिडीचूप. वल्हं त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, “तुमी आयका.”

त्याने कान लावला. आणि वल्ह्याचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“ह्याच… ह्याच, गो शर्मिला…”

“ह्याच म्हंजे?”

“त्या रातीक इंजिन बंद होता. माझो कान वल्ह्याक. डोळे मिटलेले. सुदेश मागे नांगराची दोरी सोडवी होतो… माका ठक ठक आयकाक इला. माका वाटला, घोळ. मोठी घोळ. जरा हललंय तर पळात, म्हणान मी गप रवलंय. धा मिन्टा… धा मिन्टा मी आयकत रवलंय, गो. खूश होवन. मगे ता थांबला. डोळे उघडलंय तर… मागे कोण नाय.”

दोन कानांनी आपल्याला दिशा कळते, पोरांनो. वल्ह्याला दिशा नसते. पाण्यात पडलेला सुदेश होडीचा तळ ठोकत होता, आणि तो पायाखालचा आवाज त्याला समुद्रातला वाटला.

शर्मिला रडली नाही. ओरडली नाही. तिने वल्हं पाण्यातून वर ओढलं आणि होडीत आडवं ठेवलं. आता पाणी आणि कान यांच्यामध्ये काही नव्हतं. आवाज संपायला हवा होता.

ठक.

तळातून आला. तिच्या तळपायांना लागला.

ठक.

थोडा पुढे… गंगारामाच्या बाजूला.

ठक.

त्याच्या बैठकीखाली.

तो पाय वर घेऊन बसला… हात जोडले. ती नुसती बघत होती.

…

मग काही नाही. बराच वेळ काही नाही. शेवटी तिनेच दोरी खेचून इंजिन चालू केलं.

सकाळी नऊला ती माझ्या दारात उभी. कपाळ मोकळं. “सर, आता माका कळला,” म्हणाली. गंगाराम तेव्हा पोलीस ठाण्यात खरा जबाब देत होता. दोन वर्षांचं खोटं त्याने एका दमात ओकलं, कुणी विचारायच्याही आधी.

आम्ही धक्क्यावर गेलो. चार माणसं लावून होडी रेतीत ओढली आणि उलटी केली. गंगारामाच्या बैठकीच्या बरोबर खाली लाल रंग उडालेला. आतलं पांढरं फायबर दिसत होतं. एका रांगेत चार खळगे, बोटांच्या पेरांएवढे. बाहेरून पडलेले.

खडकाला घासली असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तर माणूस, काहीतरी म्हणावंसं वाटतंच. शर्मिलाने वाकून त्या खळग्यांवर आपली मूठ टेकवली. तिच्या मुठीला ते मोठे झाले.

आणि सुदेश गेला ती होडी ही नव्हेच. ती गंगारामाने केव्हाच विकली होती. ही नवी होडी. पुढच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला, सुदेशला जाऊन नऊ महिने झाल्यावर, पहिल्यांदा पाण्यात उतरवलेली.