राक्षसाचा कान

"चोरी! भरदिवसा, पांढऱ्या रंगात रंगवलेली चोरी!" सेखोबे रस्त्याकडेच्या पाटीसमोर थयथयाट करत ओरडला.

हिवाळ्याची सुट्टी लागली होती. तिघं खताचं रिकामं पोतं घेऊन बर्फावरून घसरायला निघाली होती आणि वाटेत ही नवीकोरी पाटी आडवी आली. पाटीवर लिहिलं होतं, 'राक्षसाचा कान'. खाली बाण होता आणि बाणासमोर एक दगड. त्याच्यामागे धड कोंबडीसुद्धा लपली नसती!

"हा कान?" सेखोबेची धाकटी बहीण न्तेसेंग कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हा तर राक्षसाच्या कानातला मळही नाही! नाव मोठं, लक्षण खोटं!"

दोघं खो खो हसली. मग दोघांनी एकदमच आपल्या मैत्रिणीकडे, लिपुओकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

लिपुओने पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. तिला राग यायला हवा होता, हे तिला कळत होतं. पण आला नाही. हल्ली काहीच येत नसे.

राग यायचं कारण म्हणजे, हे नाव तिच्या भावाने ठेवलेलं होतं. सुट्टीत वडलांची मेंढरं राखताना त्याने अख्ख्या डोंगराचं एक राज्य करून टाकलं होतं. गुहा म्हणजे 'भुकेल्या राजाचं पोट'. सरळ चढूच न देणारा कडेकपारीचा सुळका म्हणजे 'सासूबाईंची पाठ'. आणि थेट वर, कड्याखाली एक खोबण होती. वारा शिरला की ती घुमायची. तो 'राक्षसाचा कान'. गेल्या उन्हाळ्यातल्या पावसात नदीला पूर आला. वाहून चाललेलं मेंढरू ओढायला तो पाण्यात उतरला. मेंढरू परत आलं.

सगळं गाव रडलं. लिपुओ रडली नाही. खांद्यावर सुतकाचं काळं कापड टाचून ती पाणी आणायची, ताटात येईल ते खायची, सांगितलं की झोपायची. भावाचं नाव होतं खोत्सो. खोत्सो म्हणजे शांती. त्या मुलखात माणसं भेटली की एकमेकांना हाच शब्द म्हणतात. पण लिपुओच्या अंगणात पाऊल टाकताना लोक तो जिभेवरच धरायचे आणि नुसतं 'दुमेला', म्हणजे नमस्कार, म्हणायचे. घरात तर ते नाव कोणी घेतच नव्हतं.

"ही नावं आपल्यालाच ठाऊक होती ना?" न्तेसेंग बोटांवर मोजू लागली. "मी, तू, लिपुओ. मी फुटले नाही."

"मी तर मेलो तरी..." सेखोबेने जीभ चावली. "म्हणजे, मीही नाही!"

"न्चा," लिपुओ म्हणाली. सकाळपासूनचा हा तिचा पहिला शब्द.

न्चा म्हणजे तिच्या मावशीचा सहा वर्षांचा मुलगा. तो खोत्सोच्या खांद्यावर बसून हे राज्य फिरला होता.

"बरोबर!" सेखोबेने टाळी वाजवली. "महिनाभर त्याची बोटं तेलकट असतात! पिठाचे गोड गोळे तळतात कुठे? फक्त पाहुण्यांच्या लॉजवर! चला!"

लॉजचा व्यवस्थापक न्ताते सेलो उन्हात खुर्ची टाकून बसला होता. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे न्ताते म्हणतात. शहरातून आलेला जाडजूड माणूस. त्याचा जीव आपल्या तांबड्या तट्टावर आणि स्वतःच्या हुशारीवर. विचारल्याबरोबर तो खुशीत आला.

"तो चिमुरडा ना? एका नावाला एक गोळा! 'शेळ्यांचा आडोसा' म्हटलं तर कोण फोटो काढेल? 'राक्षसाचा कान' म्हटलं की पाहुणे गाडी थांबवतात!"

"पण न्ताते, कान तिथे नाहीच! तो वर आहे!" न्तेसेंग म्हणाली.

"पाहुणे वर चढत नाहीत, पोरी. म्हणून मी नावच खाली आणलं!" आणि तो पोट धरून हसला.

तेवढ्यात लिपुओची मावशी धावत आली. डोक्यावरचं फडकं सुटलं होतं. "माझा न्चा! सकाळपासून दिसत नाही! इथे आलाय का?"

न्ताते सेलोने आभाळाकडे पाहिलं. डोंगरामागून करडे ढग चढत होते. "बाई, या हवेत कुत्रं शोधायला कोण बाहेर पडतं? येईल आपलं आपण."

"कुत्रं नाही हो, पोरगा!" सेखोबे किंचाळला. "तुमचा नाववाला!"

न्चा म्हणजे कुत्रा, हे खरंच होतं. त्याच्या आधीची दोन बाळं जगली नव्हती. म्हणून तिसऱ्याला असं नाव दिलं, की मरणाने ऐकावं, नाक मुरडावं आणि पुढे जावं. लिपुओच्या मनात आलं, खोत्सोचं नाव फार सुंदर ठेवलं होतं. चूक झाली. हा विचारही तिने लांबून, दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहिला.

स्वयंपाकीण दारात आली. "आला होता की सकाळी. एक गोळा खाल्लान, एक बांधून घेतलान. म्हणाला, राक्षसाच्या कानाकडे जातो."

"मग सोप्पं!" न्ताते सेलो उठला. "रस्त्यालाच असेल! चला रे, पाटीकडे!"

"तो तिथे नाही," लिपुओ म्हणाली. "आत्ता आम्ही तिथूनच आलो."

"पाटी मी स्वतः रोवलीये! कान कुठे आहे ते तू मला शिकवणार? तिघं स्वयंपाकघरात बसा. आणखी तीन पोरं हरवायला नकोत!"

दोघा-तिघा गड्यांना हाका मारत त्याने तट्टावर खोगीर चढवलं. न्तेसेंगने भावाला डोळा मारला आणि उंबऱ्यावर धाडकन पडली.

"आई गं! पाय! मोडला माझा पाय! न्ताते, धरा हो!"

तिने असं काही भोकाड पसरलं, की सगळे तिच्याभोवती गोळा झाले. न्ताते सेलोने तिचा घोटा हातात धरला. तो सोडायची सोय राहिली नाही, कारण तो हलला की ही किंचाळे! इकडे अंगणातून लिपुओ, सेखोबे आणि तांबडं तट्टू अशी तिन्ही नाहीशी झाली. टापा लांब गेल्यावर न्तेसेंग टुणकन उभी राहिली.

"बरा झाला पाय! आणि न्ताते, तुमचं तट्टू वर गेलंय. खऱ्या कानाकडे. बर्फ पडायला लागलं बरं का!"

"माझं तट्टू!" न्ताते सेलो बोंबलला आणि सगळ्या गड्यांना घेऊन डोंगराच्या दिशेने पळत सुटला. न्तेसेंगला नेमकं तेच हवं होतं.

वर धुकं उतरलं होतं. बर्फाची भुरभुर सुरू होती. सेखोबे तट्टू ओढत थांबला. "लिपुओ, मला सगळं सारखंच दिसतंय! कुठून जायचं?"

वाट लिपुओला आठवत नव्हती. तिला नावं आठवत होती. ती तोंडातल्या तोंडात म्हणू लागली, "राजाच्या पोटाला उजवा खांदा लावायचा. सासूबाईंची पाठ आली की वाकायचं. सासूबाईंना उद्धटपणा चालत नाही..." खोत्सोने नावं मजेसाठी ठेवली होती, असं तिला इतके दिवस वाटत होतं. आता पाऊल टाकता टाकता कळत होतं, की धाकट्यांनी वाट चुकू नये म्हणून ती ठेवली होती.

कड्याखाली पोचताच आवाज ऐकू आला. बारीक, घोगरा.

"खोत्सोदादा! मी न्चा! ऐकू येतंय का?"

न्चा खोबणीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ओठ निळे पडले होते. समोरच्या कपारीत कागदात बांधलेला गोळा नीट ठेवलेला होता. लिपुओने आपल्या अंगावरचं ब्लँकेट काढून त्याला गुंडाळलं.

"दादा म्हणाला होता, राक्षसाच्या कानात बोललं की कुठेही ऐकू जातं," न्चा दात वाजवत म्हणाला. "मी कधीचा ओरडतोय. तो बोलतच नाही. मी नावं विकली, म्हणून कान बहिरा झाला का गं?"

सेखोबे, जो झोपेतही बडबडायचा, तो तट्टाची आयाळ कुरवाळत दुसरीकडे पाहत राहिला.

"नाही," लिपुओ म्हणाली. "कान चांगला आहे."

"मग तू हाक मार. तुझा आवाज तो ओळखेल."

लिपुओने खोबणीच्या गार दगडाला तोंड लावलं. ओठ उघडले. काही बाहेर आलं नाही. नुसती वाफ आली. मग खालून हाका ऐकू आल्या आणि धापा टाकत, घसरत, शिव्या देत न्ताते सेलो गड्यांसह वर आला. त्याने न्चाला पाहिलं आणि तट्टाचं विसरून मटकन बर्फातच बसला.

अंधार पडायच्या आत सगळी मोरेनाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरी शेकोटीभोवती जमली. न्चा आईच्या कुशीत झोपला होता. कपारीतला गोळा त्याने परत आणू दिला नव्हता.

"शाबास!" म्हातारा मोरेना म्हणाला. "आणि न्ताते सेलो, उद्या तुमच्या पाट्या उपटा आणि जिथल्या तिथे नेऊन लावा. पायी! तट्टू इथेच राहील!"

"नेतो, मोरेना," न्ताते सेलो मान खाली घालून म्हणाला. "पोरांनी जागा दाखवल्या तर."

"आम्ही त्या खोबणीला शेळ्यांचा आडोसा म्हणायचो," मोरेना म्हणाला. "असे आडोसे या डोंगरात पन्नास. पोर 'आडोशाला जातो' म्हणून गेलं असतं, तर सापडलं नसतं. ही नावं कोणी ठेवली?"

सगळे शेकोटीकडे बघू लागले. दाराशी लिपुओची आई उभी होती. तिने पदर घ्यावा तसं ब्लँकेट तोंडावर ओढलं.

"खोत्सोने," लिपुओ म्हणाली.

मोरेनाने डोक्यावरची गवती टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या भावाने," ती मोठ्याने म्हणाली. "खोत्सोने ठेवली. सगळी!"

आईने तोंडावरचं ब्लँकेट खाली केलं. ती गर्दीतून वाट काढत आली आणि लिपुओसमोर बसली. लिपुओने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बूट भिजून कडक झाले होते. दिवसभर ती त्यांतून चालली होती आणि तिला कळलंही नव्हतं.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "आई, माझे पाय दुखतायत! खूप दुखतायत गं!"

आईने बूट ओढून काढले. लिपुओचे गारठलेले पाय छातीशी धरून ती चोळू लागली, आणि लिपुओ रडली. उन्हाळ्यापासूनचं सगळं रडली.