सूज उतरेपर्यंत

तेहरानच्या नारमक भागात छोटे छोटे शंभर चौक आहेत. त्यातल्या बासष्टाव्या चौकात, चिनाराच्या झाडांसमोर, तरलानचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे, पासपोर्टचे, शाळेच्या अर्जाचे फोटो काढण्यात तिची चौदा वर्षं गेली होती आणि तेवढ्या काळात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. जगात कोणाच्याही दोन नाकपुड्या एकसारख्या नसतात. लोकांना हे सांगितलं तर ते दुखावतात, म्हणून ती सांगत नसे. कॉम्प्युटरवर गुपचूप जरा इकडचं तिकडे करी आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई.

तिचं स्वतःचं नाक मात्र लोक सुखाने राहू देत नव्हते. ते तिच्या बाबांचं नाक होतं. मधोमध चांगला उंचवटा आणि खाली ऐसपैस पसरलेल्या नाकपुड्या. हा स्टुडिओ बाबांनीच काढलेला, आणि तीन वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हापासून तरलान सकाळी आरशापुढे जरा जास्त वेळ उभी राही. आई, म्हणजे पूरान, चहा ओतता ओतता तिच्याकडे एका बाजूने बघत राही आणि चहा बशीत सांडे. तरलानचं बाबांवर फार प्रेम होतं, आणि ते नाक तिला जिवापाड जपायचं होतं.

एफ्फतखालाला हे कोण समजावणार? एफ्फतखाला आईची थोरली बहीण. तिच्या तिन्ही मुलींनी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तिघींची नाकं आता एका मापाची होती. दर शुक्रवारच्या जेवणात ती तरलानच्या नाकावर येई. "बाई गं, फोटो काढणारीचंच नाक असं म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला येईल?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मग मुली हसत, आई पानात बघत बसे आणि तरलान भात चिवडे.

शेवटी तरलानने युक्ती काढली. तेहरानात नाकावर पट्टी लावून फिरणाऱ्या बाया पावलोपावली दिसतात, आणि त्यातल्या काहींच्या पट्टीखाली काहीही झालेलं नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तशीच आपणही लावावी. आठ दिवस रश्त शहरातल्या मैत्रिणीकडे जाऊन यायचं आणि ऑपरेशन झालं म्हणून सांगायचं. पुढे वर्षभर कोणी बोललंच, तर "अजून सूज आहे, खाला" म्हणायचं. वर्षानंतर तेच नाक पाहून खाला म्हणेल, किती छान लहान झालं! आईला तिने सगळं सांगितलं. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिनेच कात्रीने मापात पट्ट्या कापून दिल्या. उन्हाळा सरल्यावर, मेहर महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, रश्तमध्ये मैत्रिणीच्या आरशापुढे, तरलानने पहिली पट्टी चिकटवली. डोळ्यांखाली जांभळा रंगही थोडा चोळला.

परत आल्यावर घरी अननसाच्या फोडींचे अकरा डबे जमले. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण तोच डबा घेऊन येतो. खालाने दृष्ट काढायला इस्पंदाच्या बिया जाळून तिच्या डोक्यावरून धूर ओवाळला, पट्टीच्या कडेने वाकून पाहिलं आणि आत्तापासूनच फरक दिसतो असं जाहीर केलं. ती गेल्यावर मायलेकी दार लावून हसल्या.

चौथ्या दिवशी तरलानने डोळ्यांखालचा रंग धुतला. तो गेला नाही. साबण लावला, तेल लावलं. दोन दिवसांनी तो आपोआप पिवळा झाला आणि मग विरून गेला. रंग स्वस्तातला होता, कातडीला बाधला असेल, असं तिने धरलं.

मग नाकाचा शेंडा बधिर झाला. चहाचा पेला तोंडाला लावला की वाफ गालांना लागे, शेंड्याला काहीच कळत नसे. वरचा ओठ ताठ झाला आणि हसताना उचलेना. पट्टीच्या गोंदामुळे असेल म्हणून तिने पट्टी काढून ठेवली, तर संध्याकाळपर्यंत नाक टम्म फुगलं. एफ्फतखाला नेमकी तेव्हाच आली आणि तिने झापलं, "इतक्यात पट्टी काढतात का वेडे? माझ्या मधलीने अशीच काढली होती, ती फुग्यासारखी झाली होती." तिने स्वतःच्या हाताने नवी पट्टी लावली. सकाळी सूज उतरली होती.

तरलान घाबरली नाही, निदान तेव्हा तरी नाही. तिला नवल वाटत होतं. दर शुक्रवारी सकाळी ती स्टुडिओत त्याच स्टुलावर, त्याच दिव्यात, तीच लेन्स लावून स्वतःचा फोटो काढू लागली. एक समोरून, दोन बाजूंनी आणि एक मान वर करून खालून. फोटो कॉम्प्युटरवर टाकून ती मापं घेई आणि वहीत लिही. पहिल्या शुक्रवारी दोन्ही नाकपुड्या अकरा मिलिमीटर. तिसऱ्या शुक्रवारी उजवी दहा. पाचव्या शुक्रवारी नऊ. सातव्या शुक्रवारी उजवी आठ झाली आणि मधला उंचवटा साफ गेला, रंधा मारल्यासारखा. डावी मात्र अकराची अकराच होती.

तिने रश्तच्या मैत्रिणीला फोन करून ते आठ दिवस एकेक करून आठवायला लावले. तू जेवून माझ्या शेजारीच झोपायचीस, मैत्रीण म्हणाली, मी तिथेच वालाच्या शेंगा सोलत बसायचे. एक तासही रिकामा निघाला नाही.

खरं सांगायची तर सोय राहिली नव्हती. एकदा तिने खालाला सांगून पाहिलं, की मी ऑपरेशन केलेलंच नाही. खाला समजूतदारपणे हसली. "डॉक्टरचं नाव सांगायचं नसेल तर नको सांगूस. डावी बाजू उशिराच उतरते, डॉक्टर उजवीकडे उभा असतो ना. घाई कसली?"

शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, ती कान-नाक-घशाच्या एका वयस्कर डॉक्टरकडे गेली. त्याने दिवा लावून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, हे कोणी केलं? कोणी नाही, ती म्हणाली. डॉक्टर म्हणाला की असं बरेच जण सांगतात, पण इथे लपवण्यासारखं काही नाही. हाड नीट घासलंय, दोन नाकपुड्यांच्या मधली टाक्याची रेघ भरून आलीय, हात फार सुबक आहे. राहिला प्रश्न डाव्या नाकपुडीचा.

"ती सूज आहे, खानम. नौरोजपर्यंत उतरेल. मग दोन्ही एकसारख्या दिसतील."

"नाही उतरली तर?"

"उतरतेच," डॉक्टर म्हणाला.

घरी येताना मेट्रोत ती काळ्या काचेत स्वतःला बघत होती. उजवीकडून कोणीतरी नीटनेटकी बाई दिसत होती. डावीकडून, मान जरा वर केली की, अजून बाबा होते. एवढंच उरलं होतं, आणि सगळं जग तिला धीर देत होतं की तेही जाईल.

त्या दिवसापासून तिने सूज टिकवायचा चंग बांधला. ऑपरेशन झालेल्यांना जे जे करू नका म्हणतात, ते ते ती करू लागली. खारवलेले पिस्ते, खारे मासे, वाटी वाटी लोणचं. डाव्या कुशीवर झोपायचं, वाकून फरशी पुसायची, डाव्या बाजूला गरम पाण्याची पिशवी धरायची. पुढे ऐन थंडीत, दै महिन्यातही आकडा अकरावरच टिकला, तेव्हा तिला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

आईने हे सगळं पाहिलं. ती आता हसत नव्हती. चहा ओतताना बघतही नव्हती. एका सकाळी तिने पेला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला तरी खरं सांगायचं होतंस."

"मामान, मी काही केलेलं नाही. पट्ट्या तूच कापून दिल्यास ना?"

"पट्ट्या मी कापल्या. रश्तला तू एकटी गेली होतीस."

"बाबांची शपथ."

"त्यांची शपथ घालू नकोस," आई म्हणाली. "त्यांचं एवढंच होतं या घरात."

तरलानने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला आणि मान वर करून डावी बाजू दाखवली. आईने एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि ती उठून आत गेली. तरलान तिथेच ओट्याला टेकून रडली. रडल्याने सूज वाढते, हेही तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

बहमन महिन्यातल्या एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, स्टुडिओत एक बाई आली. चौकातलं बर्फ नुकतंच वितळत होतं. वय तरलानएवढंच, राखाडी ओव्हरकोट, नाकावर पट्टी. अर्जावर तिने नाव लिहिलं, सोरूर. ओळखपत्र नवं करायचं होतं, कारण जुन्या फोटोवरून तिला आता कोणी ओळखत नव्हतं.

पट्टी काढावी लागेल, तरलान म्हणाली.

सोरूर आरशापाशी गेली आणि पट्टी ओली करून हळूहळू सोलली. मग स्टुलावर येऊन बसली आणि तरलानने दिवा लावला.

मधोमध चांगला उंचवटा. खाली उजवीकडे ऐसपैस पसरलेली नाकपुडी.

तरलानने कॅमेऱ्याच्या मागे डोकं लपवलं.

"कधी केलंत?" तिने विचारलं.

"मेहरमध्ये. दुसऱ्या मंगळवारी." सोरूरचा आवाज शांत होता. "माझं आधीचं काही वाईट नव्हतं हो. जरा अजून बारीक हवं होतं, एवढंच. हे झालं. डॉक्टर म्हणतात सूज आहे, उतरेल. उतरत तर नाही, उलट आता सवय झालीय. आरशात कोणीतरी घरचं माणूस असल्यासारखं वाटतं."

तरलानने तिला मान वर करायला सांगितलं. ओळखपत्राला तसा फोटो लागत नाही. सोरूरने मान वर केली.

कॉम्प्युटरवर मापं आली. उजवी अकरा. डावी आठ.

"ही डावी तेवढी मागे राहिलीय," सोरूर तिच्या खांद्यामागे येऊन म्हणाली. "फोटोत दोन्ही सारख्या करता येतील? तुम्ही लोक करता ना थोडंसं?"

नाही म्हणणं सोपं होतं. ओळखपत्राच्या फोटोला हात लावायचा नसतो, असा सरकारी नियमच आहे. तरलानने ओठ उघडलेही. पण पडद्यावर ते नाक होतं, तीन मिलिमीटर सोडले तर पुरं. चार महिन्यांत तिने ते पुरं पाहिलं नव्हतं. एकदा, एकदाच पाहू दे, तिला वाटलं. नंतर पुसून टाकता येईल.

तिने डाव्या नाकपुडीची कड पकडली आणि अलगद बाहेर ओढली. नऊ.

तिच्या स्वतःच्या नाकात डावीकडे काहीतरी आवळलं.

तिला कळलं. हात थांबवावा हेही कळलं. पडद्यावरून बाबा तिच्याकडे बघत होते, जवळजवळ पुरे.

दहा.

अकरा.

डाव्या बाजूचा श्वास बारीक झाला. उजवीएवढाच बारीक. कुठे काही दुखलं नाही.

"अगदी छान," सोरूर म्हणाली आणि तिने स्वतःच्या नाकाला हात लावला. "फोटो काय बघता, खरंच दोन्ही सारख्या झाल्या की. बघा."

तरलानने तिच्याकडे बघितलं नाही. घाईघाईने मागे जायची कळ दाबली, दोनदा, दहादा. पडद्यावर नाकपुडी परत आठ झाली. तिच्या नाकात काहीच सैल झालं नाही. सोरूरने प्रती कधी मिळतील ते विचारलं, आरशात बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि नवी पट्टी न लावताच ती दाराकडे गेली.

तेवढ्यात बाहेरून आईने दार उघडलं. आई महिनाभर स्टुडिओकडे फिरकली नव्हती. दोघी उंबऱ्यावर समोरासमोर आल्या आणि सोरूर बाजूला व्हायच्या आतच आई थबकली.

आई तिच्या नाकाकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. तिने हात उचलून सोरूरच्या रुमालाची गाठ गळ्याशी घट्ट केली.

"थंडीत अशी उघडी फिरू नकोस," आई म्हणाली. "चल, आश केलंय. गरम गरम पी."

सोरूरने एकदा मागे वळून स्टुडिओत पाहिलं.

"हो, मामान," ती म्हणाली.

तरलान खुर्चीवरून उठली. आईने तिच्याकडे पाहिलं, दुकानदाराला हसतात तसं ओळखीपुरतं हसली, आणि थंडी आत जाऊ नये म्हणून दार नीट ओढून घेतलं.