आखूड ओळी

गाडी उशिरा होती, म्हणजे लासूर स्टेशनवर सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. वच्छलाबाईच्या चहाच्या गाड्याशी द्वारका बशीत फुंकर घालत उभी होती. तेवढ्यात बाकावर पेटी घेऊन बसलेला वच्छलाबाईचा पोरगा म्हणाला,

“ओ मॅडम... तुमचा एक हात रिकामा आहे का?”

द्वारकानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रोज याच गाडीनं जाऊन औरंगाबादेत गुलमंडीवर साडीच्या दुकानात तिची सहा वर्षं गेली होती. गिऱ्हाईक घेणारं आहे का नुसतं उलगडायला लावणारं, हे तिला चपला काढायच्या रीतीवरून कळायचं. हा पोरगा अंगानं वाळलेला, पावलं सुजलेली, डोळे मात्र भलते चपळ. नुसतं उलगडायला लावणारं, असा तिनं निकाल दिला.

“कशाला पाहिजे हात?”

“भाता मारायला. माझ्या डाव्या हाताला डॉक्टरची बंदी आहे. एक ओळ सुचली... सूर नाय भेटला तर जाती ती.”

“आईला सांगा की.”

“आई स्टोव्हला पंप मारल्यासारखा मारती. सूर भडकतो.”

“मार बाई,” वच्छलाबाई गाळणी झटकत म्हणाली. “चहा गार झाला तर दुसरा देते.”

द्वारका बाकावर टेकली, भाता ओढला. पेटी खेकसली.

“झटका नका देऊ. लेकराला झोका देता ना... तसा.”

“मला लेकरू नाय.”

“मग शिकून ठेवा.”

सिग्नल पडला नसता तर तिनं त्याला चांगलं सुनावलं असतं. पण सिग्नल पडला, गाडी आली, आणि तोवर तिचा हात झोका देत राहिला होता.

त्याचं नाव सांडू. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून वच्छलाबाईनं मुद्दाम टाकाऊ नाव ठेवलं, की मरणानं वळूनही पाहू नये. तेविसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आता सव्विसावं चालू होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात चार-चार तास डायलिसिस. हे सगळं त्यानं असं सांगितलं, जसं कुणी गाडी कुठं कुठं थांबते ते सांगावं. आईची किडनी त्याला बसवायची, हे वच्छलाबाईच्या तोंडून तिनं ऐकलं होतं. बसवतील, बरा होईल... द्वारकानं मनाशी हिशेब पुरा केला.

एका मंगळवारी, दौलताबादचा किल्ला खिडकीतून मागं सरकत असताना, त्यानं डाव्या मनगटावरची बाही वर केली. सुईसाठी जोडलेली शीर तिथं फुगून आली होती.

“हात लावून पाहा.”

तिनं बोट टेकवलं. आत काहीतरी अखंड थरथरत होतं, भुंगा कोंडल्यासारखं.

“कोणत्या पट्टीत आहे हे?” तिनं विचारलं.

“काळी दोन. तुम्ही बोट ठेवलं की... जरा चढतं.”

तिनं बोट काढलं. लगेच काढलं नाही.

गाणी होत गेली. पहिलं, वाटेतल्या पोटूळ स्टेशनाचं, तिच्यावरच होतं, हे तिनं ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं.

*पोटूळ मागं पडलं तरी डोंगर काही हटेना, खिडकीमधली पोर तेवढी नजरेआड होईना...*

बारा शब्द, एका दमात. द्वारकाला असल्या गोष्टी मोजायची खोडच होती. दिवाळीत ओळ आठ शब्दांवर आली. संक्रांतीला,

*थांब जरा, ऊन उतरू दे.*

पाच. आणि मध्ये श्वास.

त्याच आठवड्यात बापानं, बन्सीनं, जालन्याचं स्थळ आणलं. रविवारी पाहुणे बघायला यायचे होते. शुक्रवारी गाडीत तिनं ते सांडूच्या कानावर घातलं.

“चांगलं आहे. करून टाका.”

द्वारकाच्या कपाळाची शीर उठली. “बोलणं आखूड करणारं गिऱ्हाईक दाराकडं बघत असतं. तुमच्या ओळी आखूड होऊ राहिल्या. कंटाळले ना मला?”

तो हसला. हसणं अर्ध्यात तुटलं, आणि कितीतरी वेळ तो खिडकीचा गज धरून दम घेत राहिला.

“द्वारका... दमात मावतं, तेवढंच लिहितो मी.”

इतकी वर्षं माणसं वाचण्यात ती अशी चुकली नव्हती.

“आईची किडनी...”

“जुळती. पण माझं हृदय कमजोर झालं. ऑपरेशनच्या टेबलावर टिकणार नाय म्हणतात. दसऱ्याला कळलं.”

“अन् मला आज?”

“तुम्ही हात काढून घेतला असता.” तो खाली पाहत म्हणाला. “मरायचं भ्या नाय वाटलं एवढं.”

त्या दिवशी दुकानात एकाच बाईला तिनं तीच साडी तीनदा उलगडून दाखवली.

शनिवारी संध्याकाळी ती बापाला म्हणाली, “दादा, पाहुण्यांना येऊ नका म्हणा.”

बन्सीला गावानं सगळं आधीच सांगितलेलं होतं. “ते पोरगं किती दिवसांचं हाय, म्हाईत हाय तुला?”

“व्हय.”

“अन् मागून?”

“मागून मी आहेच की.”

बन्सी उठून आत गेला. सकाळी मात्र त्यानं पायात चपला घातल्या आणि एसटीडी बूथवरून जालन्याला फोन लावला.

सांडूचं घर स्टेशनाच्या मागंच होतं. द्वारका गेली तेव्हा तो भिंतीला उशी लावून बसला होता. वच्छलाबाई पीठ मळत होती.

“आज तर पाहुणे...”

“नाय येत. मीच नाय म्हणले.”

“लई वाईट सौदा केला.”

“सहा वर्षं कापड हाताळू राहिले,” पदर खोचत ती पेटीशी बसली. “माल मला कळतो. काढा गाणं.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग हट्टानं लांब ओळ घेतली, दिवाळीआधी घ्यायचा तशी. सातव्या शब्दाला श्वास संपला. ओठ हलले, आवाज आला नाही. बोट मात्र पट्टीवर तसंच राहिलं, आणि द्वारकाचा हात भात्यावर. सूर घरभर उभा राहिला. वच्छलाबाईचे हात पिठात थांबले.

“असा... किती येळ धरशील?” त्यानं कसंबसं विचारलं.

“तुम्ही येस्तोवर.”

त्यानं डोळे मिटले, दम गोळा केला आणि आठव्या शब्दावर आला.

पुढं चार महिने, अन् वर नऊ दिवस, तो येत राहिला.