उजव्या खोलीतली शिंक

“सर, तुमच्या बंद खोलीत कोण शिंकत होतं?”

भिंगरीने विचारून टाकलं एकदाचं. मैत्रिणींनी पैजच लावली होती : तुझी आई त्याच प्रयोगशाळेत आहे ना, मग विचारून दाखव! शाळेतून घरी येताना प्रयोगशाळेची मागची भिंत लागायची. तिथे शेजारीशेजारी दुधी काचांच्या दोन खिडक्या होत्या. मागच्या महिन्यात, दिवेलागणीला, उजव्या खिडकीतून शिंका ऐकू यायच्या. बारीक, तान्ह्या बाळाच्या असाव्यात तशा. डावी खिडकी मात्र थडग्यासारखी गप्प.

प्रयोगशाळेचे संचालक खुर्चीत सावरून बसले. “मला काय ठाऊक? वर्षभरात मी त्या खोल्यांत पाऊल टाकलेलं नाही.”

भिंगरीचा श्वास कोंडला होता, पण तो भीतीने नव्हे. टेबलावरच्या फुलदाणीतली फुलं पार कुजली होती. पाण्याला असा दर्प, की डोक्यात जावा. संचालक मात्र त्याच फुलदाणीवर झुकून निवांत चहा पीत होते.

“पोरीचं सोडा,” आत्या म्हणाली. “माझ्या वहिनीवर तुमचा नेमका आरोप काय?”

भिंगरीची आत्या खाजगी गुप्तहेर होती. बोलायची कमी, बघायची फार. भिंगरीचं नेमकं उलट होतं.

“साधं आहे. डाव्या खोलीतल्या फेरेटांना लस द्यायची, उजव्या खोलीतल्यांना नाही, असा प्रयोग होता. आता उजव्यांच्याही रक्तात फ्लूशी लढणारी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे तुमच्या वहिनींनी इंजेक्शनं उलटसुलट टोचली आणि वर झाकून ठेवलं. उद्या प्रयोग बंद, आणि प्राणीही संपवावे लागतील.”

आई घरी राजीनामा लिहीत बसली होती. बाबा समजूत घालत होते, ‘सोड गं तो ताप, कॉलेजात शिकव.’

एवढ्यात संशोधक ताई कागद घेऊन आत आली. नाकाला ओढणी लावत आधी खिडकीकडे धावली. “सर, ही फुलं!” मागून प्राण्यांची देखभाल करणारे काका आले, ते तर दारातच थबकले. “उंदीर मेलाय का इथं?”

संचालकांनी चमकून फुलांकडे पाहिलं.

“काका,” आत्या उठली, “तुमचे प्राणी दाखवा.”

मास्क, टोपी, अंगरखा, वेगळ्या चपला. हे चढवल्याशिवाय आत कुणालाच सोडत नसत. ज्याला साधं पडसं आहे, त्याने तर फाटकातही यायचं नाही.

उजव्या खोलीत मंद दिवा होता. पिंजऱ्यांत लांबट, मुंगसासारखे फेरेट मागच्या पायांवर उभे राहिले आणि सगळे एकाच वेळी भिंगरीकडे बघू लागले. आवाज नाही, हालचाल नाही. मग कुणीतरी लांब सुस्कारा टाकला.

भिंगरी आत्याच्या दंडाला लटकली. “कोण आहे?”

“भिंत,” आत्या म्हणाली.

दोन खोल्यांमधल्या भिंतीत उंचावर हवेची जाळी होती. तिची झडप मोडली होती. जाळीला चिकटवलेली लाल पट्टी डाव्या खोलीच्या बाजूला ओढली जात, फडफडत होती. थांबली, पुन्हा फडफडली. जणू पलीकडे कुणी श्वास घेत होतं.

“मीच लावली ती,” काका म्हणाले. “दुरुस्तीवाल्याला खूण. महिना होऊन गेला, पत्ता नाही त्याचा.”

“आणि शिंका?”

“भुसा हो! नवा भुसा अंथरला तेव्हा नाकात गेला असणार.”

“डाव्या खोलीत कुठला भुसा?”

“त्याच पोत्यातला.”

“तेव्हा वहिनी कुठे होत्या?”

“बाईसाहेब परगावी, प्रशिक्षणाला. इथं आम्ही दोघंच, ही ताई आणि मी.”

“आमच्यापैकी कुणीच मास्क काढत नाही,” ताई फणकारली. “या प्राण्यांना माणसाचा फ्लू पटकन लागतो. म्हणून तर प्रयोगाला हेच.”

बाहेर पडताना आत्या फाटकाजवळच्या पोस्टरपाशी रेंगाळली. पोस्टरवर संचालक फेरेटला छातीशी धरून तोंडभर हसत होते. खाली ‘विज्ञानाला हात द्या’ असं देणगीचं आवाहन.

“दात छान आहेत,” आत्या म्हणाली.

“आत्या, इथे आमचं घर बुडतंय आणि तुला दात दिसतात!”

“तुला काय दिसलं नाही, ते बघ.”

भिंगरीने बघितलं. दात, फेरेट, मागे भिंत. काही कळलं नाही. आत्याने ताईला बाजूला घेतलं. “रक्त पुन्हा तपासाल? पण विषाणूचं डोकं वेगळं, देठ वेगळा.”

दुसऱ्या दिवशी सगळे संचालकांच्या खोलीत जमले. आईही होती, सुजलेल्या डोळ्यांची. फुलदाणी नाहीशी झाली होती.

“वहिनी, लस सांगा. भिंगरीला कळेल अशी.”

“फ्लूच्या विषाणूवर काटे असतात,” आई हळू म्हणाली. “प्रत्येकाला डोकं आणि देठ. नेहमीची लस शरीराला डोकं ओळखायला शिकवते. पण डोकं दर वर्षी बदलतं, देठ फारसा बदलत नाही. म्हणून माझ्या लशीत नुसता देठ आहे, तोही जुन्या विषाणूचा. देठ ओळखणारी प्रतिपिंडं बनली, तर पुष्कळ प्रकारच्या फ्लूला पुरी पडतील.”

“ताई, उजव्या खोलीत काय निघालं?”

“डोक्याविरुद्धची प्रतिपिंडं. तीही यंदाच्याच विषाणूच्या डोक्याविरुद्धची.”

आई ताडकन उभी राहिली. “माझ्या लशीत डोकं नाहीच!”

“म्हणजे ती लशीतून आली नाहीत,” आत्या म्हणाली. “खऱ्या फ्लूतून आली. शिंका भुशाच्या असत्या, तर दोन्ही खोल्यांतून आल्या असत्या. आता प्रश्न, फ्लू कुणी आणला? सर, पोस्टरवर तुमचा चेहरा उघडा आहे. आणि मागे जाळीवर लाल पट्टी आहे. ती पट्टी महिन्यापूर्वीची. तुम्ही मात्र म्हणे वर्षभर आत गेला नाहीत.”

संचालकांची नजर दाराकडे गेली.

“काल त्या फुलांनी सगळ्यांचं डोकं उठलं, तुमचं नाही. फ्लूनंतर कधीकधी वास जातो. कणकण तुम्हालाही होती ना?”

“फक्त… फोटोपुरता मास्क काढला,” ते पुटपुटले. “देणगीदारांना चेहरा दिसायला हवा होता. परत आलो तर अंगात ताप. वाटलं, कोण विचारतंय.”

“आणि विचारायची वेळ आली, तेव्हा माझ्या आईला पुढे केलंत!” भिंगरी ओरडली.

“थांब. खरी गंमत पुढेच आहे,” आत्या म्हणाली. “हवा उजवीकडून डावीकडे वाहते. पट्टीच सांगते. उजवीकडचे शिंकत होते, त्यांचा श्वास डावीकडे जात होता. मग डावी खिडकी गप्प का?”

भिंगरीच्या डोळ्यांपुढे ती जाळी आली. अंधारात डावीकडचे सगळे फेरेट तोच विषारी श्वास घेत होते, आणि भिंतीपलीकडे शांत झोपत होते.

ताईने कागद उलटला. “डाव्यांत देठाविरुद्धची भरपूर आहेत. डोक्याविरुद्धची अगदी पुसट. विषाणू पोहोचला होता, पण त्याला घर करता आलं नाही.”

“जुन्या देठाची लस, नवा फ्लू,” आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग लगेच डोळे पुसून ताठ झाली. “हा पुरावा नव्हे. मोडक्या जाळीवर कोण विश्वास ठेवेल? नवे प्राणी, नव्या खोल्या, सगळं पहिल्यापासून. वर्षं जातील.”

संध्याकाळी घरी बाबांनी तो राजीनामा टेबलावर सरकवला. “आरोप गेला, छान झालं. आता तरी सुटशील. सही कर.” आईने पेन उचललं. ती फार दमलेली दिसत होती.

भिंगरीने कागद ओढला आणि टर्रकन फाडला.

“भिंगरे!” बाबा उठलेच.

“आई, बाबा, मी ठरवलंय. आई प्रयोग पहिल्यापासून करणार. आणि तो होईस्तोवर रात्रीचा स्वयंपाक बाबा आणि मी करणार. मला साधा वरणभातही येत नाही, आणि बाबांचं तर बोलायलाच नको. तरी करणार!”